कुणीकडं निघालात?

परभणीत साठी उलटलेला माणूस सायकलवर दिसला की गावाला काळजी वाटते. पहिल्याच सकाळी वसमत रोडला लागलो तोच मागून एक मोटारसायकल आली, हळू झाली आणि बाजूबाजूनं चालू लागली.

"काय सर, गाडी बंद पडली का?"

नाही म्हटलं.

"मग सायकल लावा त्या टपरीपाशी, बसा मागं. सोडतो. कुणीकडं निघालात?"

व्यायाम म्हणून चालवतोय, असं सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला आणि आवाज उतरवून म्हणाला, "शुगर निघाली का?"

निघाली होतीच. डॉक्टरांनी आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम सांगितला होता, आणि गुडघ्यांकडं पाहून सायकल. हे ऐकून मला हसू आलं. कारण आमच्या पिढीनं नोकरी केली ती एका अर्थी सायकलवरून उतरण्यासाठीच. दळण सायकलवर, रॉकेलचा डबा सायकलवर, धाकटी बहीण दांडीवर. पाय पेडलला पुरत नव्हते तेव्हापासून नळीखालून पाय घालून कैची मारत आम्ही ही ओझी वाहिली. मग नोकरी लागली, स्कूटरसाठी नंबर लावला, आणि ती दारात आली त्या दिवशी सायकल गोठ्यात गेली. आता दुकानात गेलो तर माझी पहिली स्कूटर जेवढ्याला पडली होती, त्याहून महाग सायकल गळ्यात पडली. तिला मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. घंटीसुद्धा वेगळी घ्यावी लागली. गिअर मात्र एकवीस. आमचा सगळा मुलूख काळ्या रानाचा, ताटासारखा सपाट. चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. उरलेले वीस गिअर मी घरच्या सोन्यासारखे जपून ठेवले आहेत.

एकदा शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. खरं आहे. चालवायला विसरत नाही. चढायला आणि उतरायला विसरतो. पूर्वी दोन पावलं पळत टांग टाकायचो. आता आधी ओटा शोधतो. उतरायचं असेल तर पुढचा ओटा कुठं आहे, हे शंभर फुटांवरून ठरवावं लागतं. त्यामुळं वाटेत भेटलेल्या निम्म्या ओळखीच्यांना मी नुसती मान हलवून पुढं जातो, आणि निवृत्तीनंतर मला गर्व चढला असा बोभाटा आहे.

तरुणपणी मी सायकलवर जिल्हा पालथा घातला, असं नातवाला सांगतो. त्यात थोडी मेख आहे. तेव्हा जिल्हाही मोठा होता. १९८१ साली परतूर जालन्याला गेलं, १९९९च्या महाराष्ट्र दिनाला हिंगोलीचा वेगळा जिल्हा झाला आणि वसमतही तिकडं गेलं. जिल्हा आकसत गेला त्या काळात मी फुगत गेलो. क्षेत्रफळाचा हिशेब कुठंतरी जुळत असावा.

चढ नसला तरी आमच्याकडं वारा आहे. जूनमध्ये, पाऊस लांबलेला असतो तेव्हा, पश्चिमेकडून जो वारा सुटतो त्यानं मला चांगलंच फसवलं. शहरातून वसमतच्या बाजूला निघालं की तो पाठीशी. कृषी विद्यापीठाची काळी कमान कधी मागं पडली कळलंच नाही. दम नाही, घाम नाही. वाटलं, शरीरात अजून काही शिल्लक आहे! राहाटीच्या पुलाचं नावही मनात येऊन गेलं. सुदैवानं त्याआधीच परत फिरलो. वळताक्षणी वाऱ्यानं छातीला हात लावून उभं केलं. मघाचे पाय माझे नव्हतेच, त्याचे होते. त्या दिवशी प्रथमच पहिला गिअर कामाला आला आणि शेजारून एक बैलगाडी पुढं निघून गेली. गाडीवानानंही विचारलं, "कुणीकडं निघालात मामा?"

हा प्रश्न काही सुटेना. कुणीकडंच नाही, असं उत्तर इथं चालत नाही. स्कूटरवर गावभर हिंडा, कुणी विचारत नाही. सायकलवर निघालेल्या माणसाला मात्र काम असलंच पाहिजे. नसेल तर घरात काहीतरी बिनसलं आहे. चौथ्या दिवशी घरी शेजारीण येऊन आडून आडून विचारून गेली, पेन्शन वेळेवर येते ना?

मी बायकोला म्हटलं, "अगं, टॉल्स्टॉय सदुसष्टाव्या वर्षी सायकल शिकला. १८९५ साली, मॉस्कोत. एवढा मोठा लेखक, त्याला लाज वाटली नाही."

ती ज्वारी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्याकडं दळण आणायला गडी असतील. तुम्ही रिकामेच हिंडता, म्हणून लोक विचारतात."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या जुन्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली. "इत्ती महंगी गाडी को क्यारिअर?" म्हणाला, आणि चेहऱ्यावर दुःख ठेवूनच एक लोखंडी कॅरिअर कापून, वाकवून, चार नटांनी आवळून दिलं. स्टँडही लावला. सायकल एकदम घरच्यासारखी दिसू लागली.

आता सकाळी फिरून येताना गिरणी करतो. परभणी मोती ही ज्वारी आमच्याच विद्यापीठाची, पांढरी, टपोरी. आठ किलो दळून घेतली आणि सुतळीनं कॅरिअरला बांधली. सवयीनं बोटांना गाठ आठवत होती. वारा समोरून होता, मागून गरम पिठाचा वास येत होता, आणि डॉक्टरांच्या दीडशे मिनिटांपैकी वीस गिरणीच्या रांगेत उभ्यानं गेली होती. ती धरायची की नाही, याचा मी विचार करत होतो.

तेवढ्यात तोच मोटारसायकलवाला मागून आला. गाडी हळूही केली नाही.

"दळण का, सर?" एवढं ओरडला आणि उत्तराला न थांबता पुढं निघून गेला.