समुद्राविना बंदोबस्त

आमच्या नागापुरात, जेथे औद्योगिक वसाहतीची धूळ बारमाही आणि पाऊस मात्र मर्जीनुसार हजर होतो, तेथील एका गृहस्थांनी अलिबागेस समुद्रकाठी पाहिलेला फळ्यांचा सज्जा स्वतःच्या गच्चीवर हुबेहूब उभारून, दमट हवेचा बंदोबस्त म्हणून त्यावर व्हार्निशचे चार हात चढविले, तेव्हा आता समुद्र तेवढा मागविण्याची तजवीज करावी, असे आम्ही नम्रपणे सुचविले. वस्तुतः कोकणातला जुना सुतारही या चकाकीच्या फंदात पडत नाही. मृगापूर्वी, वैशाखाच्या उन्हात लाकूड पुरते वाळल्यावर, तो काजूच्या टरफलांचे तेल त्यात मुरवितो आणि फळीच्या कापलेल्या तोंडाला ते अंमळ जास्तच पाजतो, कारण पाणी मुख्यतः तेथूनच शिरते. उलट जाड लेपाखाली कोंडलेला ओलावा (दप्तरात अडकलेल्या अर्जासारखी त्याची अवस्था) अखेरीस पापुद्रे उचलून स्वतःचा निकाल स्वतःच लावून घेतो. आमच्याकडे फिर्यादच निराळी: येथील कोरडी हवा आणि चैत्राचे ऊन लाकडातले उरलेसुरले पाणीही वसूल करून त्याला चिरा पाडतात. गृहस्थांचा सज्जा दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकला. तूर्त त्यावर कुरडया उत्तम वाळतात.