कर नको, शाळा हवी

२०१६ च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीआधी कॅलिफोर्नियाच्या सरकारनं मतदारांच्या घरी एक पुस्तक धाडलं. पानं २२४. आपल्याकडे मतदाराच्या हाती काय पडतं? नाव, यादीतला अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता आणि चिठ्ठीमागे कुणाचा तरी हात जोडलेला फोटो. तिकडे थेट अभ्यासाचं पुस्तक. कारण राष्ट्राध्यक्ष निवडणं हा त्या दिवशीचा सोपा पेपर होता. अवघड पेपर पुढे होता, राज्याच्या धोरणाचा, आणि त्यात प्रश्न १७. सिगारेटच्या पाकिटावर आणखी २ डॉलर कर लावायचा का? प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद करायच्या का? गांजा खुला करायचा का? फाशी रद्द करायची का? ती रद्द नको असेल, तर फाशीची प्रकरणं भरभर निकाली काढायची का? अश्लील चित्रपटांत काम करणाऱ्यांनी कंडोम वापरलाच पाहिजे का, हाही प्रश्न होता. तो जनतेनं फेटाळला.

आमदार निवडून द्यायचे, त्यांना पगार द्यायचा, आणि कायदे मात्र आपणच करायचे, अशी ही सोय. तिचं मूळ १९११ सालात आहे. तेव्हा कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या खिशात आहे, अशी लोकांची पक्की समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी तोड काढली: आमदार विकले जात असतील, तर कायदा करण्याची किल्ली मतदाराकडेच द्या. ठरावीक सह्या जमवा आणि प्रश्न मतपत्रिकेवर आणा. साधा कायदा हवा असेल, तर गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या. राज्यघटनाच बदलायची असेल, तर ८ टक्के. म्हणजे घटना बदलण्याचा भाव कायद्याच्या दीडपटीहून थोडा जास्त, इतकाच. २०२४ साली हा आकडा कायद्यासाठी साडेपाच लाखांच्या आसपास होता आणि घटनेसाठी पावणेनऊ लाखांच्या.

आता लाखो सह्या काही चळवळीच्या उत्साहावर जमत नाहीत. त्यासाठी माणसं नेमतात. किराणा दुकानाच्या दारात पॅड घेऊन उभं राहणाऱ्यांना दर सहीमागे पैसे मिळतात, आणि एकाच माणसाच्या हातात चारपाच वेगवेगळे अर्ज असू शकतात. ज्या अर्जाचा दर चढा, तो वरती. लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते, सहीची नसते.

महाराष्ट्राला असलं मतदान अगदीच परकं नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर आपल्याकडे गावोगावी बायकांनी मतं दिली आहेत. एक बाटली उभी, एक आडवी, शिक्का कुठे मारायचा तो मारा. पण तिथे प्रश्न एक असतो, दुकान डोळ्यांसमोर असतं, आणि नवरा घरात. कॅलिफोर्नियात बाटल्या सतरा, आणि कुठल्या बाटलीत काय भरलंय ते पान १३८ वर बारीक टायपात.

या सगळ्या बाटल्यांची आजी म्हणजे १९७८ चा प्रस्ताव क्रमांक १३. तिची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सुरू होते प्रामाणिकपणापासून. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत घरांचं करमूल्य ठरवणारा अधिकारी व्यापाऱ्यांकडून लाच घेताना पकडला गेला. चौकशीत दिसलं की साध्या घरमालकांचं मूल्यही वर्षानुवर्षं मुद्दाम कमी धरलं जात होतं. त्यांच्याकडून लाच नव्हे, मतं मिळत. मग १९६६ साली कडक कायदा झाला: मूल्य बाजारभावाच्या प्रमाणातच धरायचं. भ्रष्टाचार संपला. सत्तरच्या दशकात घरांचे भाव भडकले आणि प्रामाणिक अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे तितकीच चढी बिलं पाठवली. निवृत्त म्हातारी माणसं बिल बघून हबकली. घराची किंमत वाढली म्हणून पेन्शन थोडीच वाढते?

त्यांच्या संतापाला पुढारी मिळाला हॉवर्ड जार्विस. घरमालकांच्या, म्हणजे भाड्यानं इमारती देणाऱ्यांच्या संघटनेचा हा पगारी माणूस. त्यानं बारा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. मालमत्ता कर घराच्या मूल्याच्या १ टक्क्यावर गोठवायचा. मूल्य १९७५ चं धरायचं आणि वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढवायचं. घर विकलं गेलं, तरच नव्या बाजारभावानं मोजायचं. शिवाय राज्यात नवा कर लावायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं हवीत. १०० पैकी ६५ मतदारांनी होकार दिला. गव्हर्नर जेरी ब्राऊन निवडणुकीआधी विरोधात होते. निकालानंतर त्यांच्याइतका उत्साही करकपातवाला राज्यात दुसरा नव्हता.

भाडेकरूंना सांगितलं होतं, मालकाचा कर घटला की तुमचं भाडं घटेल. मालकांनी कपात घेतली आणि भाडं होतं तिथेच ठेवलं. वर्षभरात सँटा मोनिका आणि सॅन फ्रान्सिस्कोत भाडेनियंत्रण आलं. शहरांना ते वाढवायची मोकळीक देणारे प्रस्ताव २०१८, २०२० आणि २०२४ असे तीनदा राज्याच्या मतपत्रिकेवर आले आणि तिन्ही वेळा पडले.

पुढची गंमत मुंबईकराला चटकन कळेल. १९४७ च्या कायद्यानं मुंबईत भाडी १९४० च्या पातळीवर गोठली आणि पागडीचा जन्म झाला. तिथे भाडं गोठलं, इथे कर. एकाच गल्लीत, एकाच नकाशाची दोन घरं. १९७६ पासून राहणाऱ्या आजी वर्षाला दोनेक हजार डॉलर भरतात. शेजारचं घर कालपरवा २० लाखांना घेतलेला पुण्याचा इंजिनिअर २० हजारांच्या वर भरतो. शाळा तीच, रस्ता तोच, आग लागली तर येणारा बंबही तोच. हा भेदभाव आहे अशी तक्रार देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९२ साली न्यायालयानं ८ विरुद्ध १ असा निकाल दिला: भेद आहे, पण घटनेत बसतो.

आता त्या इंजिनिअरकडे बघा. पहिली पाच वर्षं तो मंडळाच्या गणेशोत्सवात मोदक खाता खाता या कायद्याला शिव्या घालतो. ग्रीन कार्डावर असेल तर कर पूर्ण भरतो आणि मत शून्य, म्हणून शिव्या जास्त. दहा वर्षांनी शेजारी नवं घर विकलं जातं, नव्या मालकाचं बिल त्याच्या कानावर येतं, आणि तो गप्प होतो. वीस वर्षांनी नागरिकत्व घेऊन तो मतदानाला जातो, तेव्हा हॉवर्ड जार्विसचा सख्खा पुतण्या झालेला असतो. या कायद्यातल्या घरांच्या कराला हात लावायला कुठलाही पक्ष का धजत नाही, याचं उत्तर एवढंच. दरवर्षी तो आपले नवे राखणदार स्वतःच तयार करतो.

धजावला तो अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे. २००३ साली गव्हर्नरपदाचे उमेदवार आर्नॉल्ड श्वार्झनेगर यांनी त्यांना आर्थिक सल्लागार नेमलं. बफेंनी सहज हिशेब सांगितला: ओमाहातल्या आपल्या पाच लाखांच्या घरावर १४ हजार डॉलरहून जास्त कर, आणि कॅलिफोर्नियातल्या चाळीस लाखांच्या घरावर सव्वादोन हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी गदारोळ. श्वार्झनेगरनी जाहीर केलं की या माणसानं पुन्हा १३ चा आकडा उच्चारला तर त्याला ५०० सिट-अप्स काढाव्या लागतील. श्वार्झनेगर निवडून आले.

बरं, कर गोठला, पण खर्च? राज्याच्या तिजोरीत तेव्हा सुमारे ५०० कोटी डॉलर शिल्लक होते. ते पालिकांना आणि शाळांना वाटून पहिली वर्षं निभावली. मग पालिकांनी धडा घेतला. घरं बांधायला परवानगी दिली तर कर तुटपुंजा आणि शाळा, गटारं, पोलिस यांचा खर्च मात्र कायमचा. मॉल किंवा मोटारींचं दालन आणलं तर विक्रीकराचा वाटा मिळतो. अशी शहरं मोटार विक्रेत्यांच्या मागे धावू लागली आणि घरं महाग झाली. राज्याची भिस्त आली प्राप्तिकरावर, आणि त्यात वरच्या १ टक्का लोकांकडूनच चाळीस ते पन्नास टक्के प्राप्तिकर येतो. ही मंडळी शेअर बाजारावर जगतात. बाजार चढला की राज्य कुबेर, पडला की भिकारी. २०२२ च्या मे महिन्यात गव्हर्नर न्यूसम यांनी ९,७५० कोटी डॉलर जादा असल्याचं सांगितलं. दीड वर्षात राज्याच्या स्वतंत्र विश्लेषकांनी ६,८०० कोटींची तूट वर्तवली.

याच मतदारांनी १९८८ साली दुसऱ्या एका प्रस्तावाला निसटता होकार दिला: राज्याच्या सर्वसाधारण निधीतला ठोकळमानानं ४० टक्के वाटा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांना मिळालाच पाहिजे. २००८ साली वेगवान रेल्वेसाठी जवळजवळ १,००० कोटी डॉलरच्या रोख्यांना होकार दिला, सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस. गाडी अजून नाही; काम चाललंय ते मधल्या शेतीच्या पट्ट्यात. रोख्यांना लोक हसत हसत हो म्हणतात, कारण त्यात कर हा शब्द नसतो, व्याज नंतर येतं.

मतदार मूर्ख आहे, असं मुळीच नाही. २०१२ साली तूट वाढली तेव्हा याच लोकांनी श्रीमंतांवर जादा प्राप्तिकर आणि स्वतःवर थोडा विक्रीकर लावून घेतला. खोट आहे ती प्रश्न विचारण्याच्या रीतीत. कर कमी हवा का? हो. शाळेला पैसे हवेत का? हो. दोन्ही उत्तरं खरी असतात. फक्त ती दहा वर्षांच्या अंतरानं, वेगवेगळ्या कागदांवर विचारलेली असतात. बेरीज करण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर कधीच येत नाही. ती आमदारांसाठी राखून ठेवलेली असते, आणि बेरीज जमली नाही की शिव्या त्यांनाच. २००९ साली तर जमलीच नाही, आणि राज्यानं घेणेकऱ्यांच्या हाती पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या ठेवल्या.

कोलोरॅडोचं दुखणं याच जातीचं, पण तिथे शिस्त अधिक. १९९२ साली त्यांनी घटनेत लिहून टाकलं की मतदारांना विचारल्याशिवाय कर वाढवायचा नाही, आणि विचारताना प्रश्नाची सुरुवात ‘राज्याचे कर अमुक इतक्या डॉलरनं वाढवायचे का’ अशाच शब्दांत, आणि तीही कॅपिटल अक्षरांत. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, हे आपल्या अर्थमंत्र्यांचं नशीब. शिवाय अंदाजापेक्षा जास्त पैसे जमले तर परत करायचे. २०१३ साली लोकांनी गांज्यावर कर मंजूर केला. पुढे राज्याच्या एकूण महसुलाचा अंदाज थोडा चुकला, तेव्हा नियम म्हणाला, गांज्याचा कर परत करा. म्हणून २०१५ साली सरकारनं पुन्हा मतदान घेतलं: तुम्हीच दिलेले ६ कोटी ६० लाख डॉलर आम्ही ठेवून घेऊ का? ६९ टक्के लोक म्हणाले, ठेवा. आणि हो, २००० साली याच राज्यानं शाळांचा खर्च दरवर्षी वाढलाच पाहिजे, हेही घटनेत घालून घेतलं होतं.

रेल्वे कंपनीचं काय झालं? मतदारांनीच कायदे करायची पद्धत तिच्या विरुद्ध होती ना? तिची जागा आता नव्या कंपन्यांनी घेतली. २०१९ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं टॅक्सी आणि डिलिव्हरीच्या ॲपवाल्यांना सांगितलं, तुमचे चालक हे कर्मचारी धरा, सोयीसवलती द्या. उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरेंनी आमदारांची मनधरणी सोडून थेट जनतेचा कौल मागितला. २०२० सालच्या त्या प्रस्तावासाठी त्यांनी २० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि ते ५८ टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकले. त्यात एक कलम घालून ठेवलं होतं: यात दुरुस्ती करायची तर विधिमंडळाचे आठपैकी सात आमदार बाजूनं हवेत. घटना बदलायला ८ टक्के सह्या पुरतात, ॲप बदलायला साडेसत्त्याऐंशी टक्के आमदार. कामगार संघटनांनाही ही विद्या येते. डायलिसिस कंपन्यांना वेसण घालणारा प्रस्ताव एका संघटनेनं २०१८, २०२० आणि २०२२ अशा तीन निवडणुकांत मांडला. तिन्ही वेळा पडला, आणि प्रत्येक वेळी कंपन्यांना तो पाडायला कोट्यवधी ओतावे लागले.

पक्षाचा म्हणाल तर इथे संबंधच लागत नाही. २०२० साली फ्लोरिडानं ट्रम्प यांना ५१ टक्के मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर किमान वेतन टप्प्याटप्प्यानं ताशी १५ डॉलर करायला ६१ टक्के. डाव्यांचं राज्य समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियानं मात्र २०२४ साली १८ डॉलरचा प्रस्ताव थोडक्यात नाकारला.

आणि मिझुरी. तिथे २०२४ साली १५ डॉलर किमान वेतन आणि पगारी आजारपणाची रजा, अशा दोन्ही गोष्टी एकाच प्रस्तावात होत्या. त्याला जवळजवळ ५८ टक्के मतं पडली. ट्रम्प यांनाही साधारण तितकीच. पण प्रस्ताव आणणाऱ्यांनी तो घटनेत घातला नाही, साधा कायदा केला; त्याला सह्या कमी लागतात. मिझुरीत साधा कायदा विधिमंडळाला बदलता येतो. १ मे २०२५ पासून कामगारांच्या खात्यावर रजा जमू लागली. जुलैत गव्हर्नरांनी ती रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. २८ ऑगस्टपासून रजा बंद. चार महिनेसुद्धा नाहीत, तेवढ्यात आजारी पडलेल्यांनी ती घेतली असेल. बाकीच्यांची तब्येत ठणठणीत आहे, असं गृहीत धरलं आहे.