आकडा

चालता चालता बंद पडणारी गाडी मला पटते. पेट्रोल संपतं, प्लग जातो, चेन तुटते. कारण रस्त्यावर लोंबकळत तरी असतं, नाहीतर धूर होऊन नाकात तरी शिरतं. पण शनिवार-रविवार अंगावर कव्हर ओढून बोळात निवांत उभी असलेली, कुणी बोटही न लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतीच ‘कट् कट् कट्’ करते, तेव्हा भांडायचं कुणाशी? काहीही न करता दमलेल्यांची चौकशी कुठून सुरू करायची, हे घरातसुद्धा मला कधी जमलेलं नाही.

माझ्या मोटारसायकलला किक नाही. नव्या बऱ्याच गाड्यांना नसते. त्यामुळे सेल्फ लागला नाही की धक्का, आणि धक्काही बॅटरीत थोडा जीव उरला असेल तरच. कारण पेट्रोल टाकणाऱ्या पंपालासुद्धा करंट लागतो. आमच्या बोळाला उतार आहे हे कोल्हापूरचे उपकार. उताराच्या खालच्या टोकापर्यंत गाडी चालू झाली तर कॉलेज, नाही झाली तर ती पुन्हा वर चढवत आणताना दोन्ही बाजूंच्या घरांतून सल्ले.

सल्ल्यांचा सारांश एकच : बॅटरी बदला. वॉरंटी होती, दुकानदारानं कुरकुर न करता बदलून दिली. पुढच्याच महिन्यात नवीही तशीच उतरली. दुकानदारानं तिला आपल्या यंत्राचे चिमटे लावले आणि समाधानानं मान हलवली. “बॅटरी एक नंबर हाय सर. गाडीच कुटंतर करंट खातीय.”

हे ‘कुठंतरी खातंय’ ऐकल्यावर माणसाचं आयुष्य बदलतं. तोवर मी गाडीकडे वाहन म्हणून बघत होतो, आता संशयित म्हणून बघायला लागलो. रात्री कव्हर उचलून मी तिच्या इंजिनाला कान लावून उभा असताना समोरच्या घरातला दिवा लागला आणि विझला. त्या घरानं नंतर बरेच दिवस माझ्याशी जपून बोलणं ठेवलं.

बॅटरी या वस्तूबद्दल मी वाचायलाही लागलो. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थानं १८५९ साली शिशाचे पत्रे गुंडाळून आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी केली. माझ्या सीटखाली आज जे आहे ते तत्त्वतः तेच : शिसं आणि गंधकाम्ल. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.७ च्या आसपास दाखवते. ती बरोब्बर बारा दाखवायला लागली की समजायचं, बाई पाव पोटावर आहेत. म्हणजे पाटीवर जो आकडा लिहिलाय तोच खरा निघाला तर काळजी करायची. अशी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. शिवाय वारंवार उपाशी ठेवली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग पोटभर दिलं तरी तिला ते घेता येत नाही.

ओळखीच्या मेकॅनिकचं निदान तयार होतं. “आर-आर युनिट.” म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. इंजिन उलटसुलट वाहणारा करंट तयार करतं, हे युनिट त्याला एकाच दिशेनं वळवून बॅटरीत सोडतं. आतले डायोड म्हणजे एकेरी वाहतुकीचे रस्ते. ते निकामी झाले की इंजिन बंद असताना बॅटरीतला करंट उलट्या दिशेनं घुसतो आणि वाया जातो. ही उपपत्ती मला फार आवडली. एकेरी रस्त्यात उलटं घुसणं हे आमच्या गावातलं नित्याचं दृश्य. गाडीच्या पोटातही तेच चालत असणार यात नवल ते काय! पण युनिटची किंमत ऐकल्यावर मी म्हटलं, आधी पुरावा.

पुरावा गोळा करायला भाचा आला. भाचा पॉलिटेक्निकला, इलेक्ट्रिकल शाखेला. बरोबर पिवळा मल्टिमीटर आणि दहा नंबरचा पाना. त्यानं पहिल्यांदा मला गप्प केलं आणि मग समजावलं. आधी सोडायची ती मायनसची वायर. प्लस आधी सोडायला गेलो आणि पाना चुकून चेसीला टेकला की थेट शॉर्ट, ठिणग्यांची आतषबाजी. मायनस सुटल्यावर ती वायर आणि बॅटरीचं टोक यांच्या मधोमध मीटर जोडायचा. गाडीत जाणारा प्रत्येक थेंब मग मीटरमधूनच जाणार. आणि एवढं सगळं होईपर्यंत कुणीही चावी फिरवायची नाही, कारण सेल्फ मोटार दहाच्या कितीतरी पट अँपिअर ओढते आणि मीटरचा जीव आहे फक्त दहा अँपिअरचा.

हे शेवटचं वाक्य त्यानं पुरेशा मोठ्यानं म्हटलं नाही. फिरायला निघालेले एक काका थांबून बघत होते. त्यांनी सहज हात लांबवून चावी फिरवली आणि बटण दाबलं. मीटरच्या पोटात बारीक ‘टिक्’ झालं आणि पडद्यावर शून्यं उभी राहिली.

“म्हटलं आता तरी चालू हुतीया का बगावं,” काका म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

त्याच क्षणी वरून बायकोचा आवाज आला, “गाडीला कोण हात लावतंय?” मी म्हटलं, आम्हीच. तिला वर बसून कसं कळलं, हा प्रश्न त्या वेळी दोघांनाही पडला नाही. दीर्घ संसारात असे प्रश्न पडायचे थांबतात.

मीटरचा फ्यूज बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडामांड. चावी बंद, दिवे बंद, काका गावाबाहेर. मीटरनं दाखवलं : बहात्तर मिलिअँपिअर. मला वाटलं, एवढंच? एखाद्या खेळण्यातल्या दिव्याला लागेल एवढा करंट! भाच्यानं मात्र शीळ घातली. बंद गाडीला घड्याळ चालवायला आणि संगणकाची आठवण शाबूत ठेवायला एक-दोन, फार तर तीन मिलिअँपिअर पुरतात. बहात्तर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला पावणेदोन अँपिअर-अवर. बॅटरी नऊची. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळपर्यंत निम्मी रिकामी. आणि मुळात शुक्रवारी ती भरलेली होती कुठे? घर ते कॉलेज हे अंतर बॅटरीला नाश्त्यालाही पुरत नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासूनच्या नियमानं नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. तो बंद करायचं बटणच नसतं. तरीही समोरून येणारी भली माणसं आजतागायत हाताची बोटं मिटून-उघडून ‘दिवा चालू आहे’ म्हणून खुणावतात. मी प्रत्येकाला मान हलवून धन्यवाद देतो. बंद कसा करत नाही, याचा राग त्यांच्या पाठीवर दिसतो.

थोडक्यात, सोमवारचं कोडं गणितानं सुटलं. पण चोर सापडायचा होता.

त्याची रीत सोपी आहे. मीटर लावून ठेवायचा आणि एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्या फ्यूजसरशी आकडा कोसळेल त्या वाटेवर गुन्हेगार. हॉर्नचा उपसला, हलला नाही. इंडिकेटरचा उपसला, नाही. मेकॅनिकची आवडती उपपत्ती तपासायला आर-आर युनिटचं कपलर काढलं, आणि बहात्तर ते बहात्तरच. युनिट निर्दोष सुटलं. शेवटी मेन फ्यूज उपसला. आता गाडीच्या सगळ्या वायरिंगला बॅटरीचा स्पर्श नाही, आता शून्य यायलाच हवं.

एकोणसत्तर.

आणि तोही स्थिर नाही. मध्येच दीडशेवर उडी मारायचा, पुन्हा खाली यायचा. भाचा मीटर हलवून बघायला लागला. मी गाडीकडे बघितलं. मेन फ्यूज हातात असताना गाडी करंट खात होती.

इतका वेळ आप्पा पेपर वाचत होते. आप्पा म्हणजे आमचे शेजारी, निवृत्त लाइनमन. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, निर्मिती वेगळी, पारेषण वेगळं, वितरण वेगळं. आप्पा मात्र अजून ‘बोर्ड’च म्हणतात. अकरा हजार व्होल्टच्या लाइनीखाली उमर काढलेल्या या माणसाला आमच्या खटपटीचा पहिल्या दिवसापासून कमीपणा वाटत होता. “बारा वोल्टाला आमी करंट म्हणत न्हाई,” असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. पण ‘मेन उतरवला तरी खातंय’ हे वाक्य कानावर पडलं आणि पेपरची घडी झाली.

“मेन वडलाय?”

“हो.”

“तरी जातंय?”

“एकोणसत्तर.”

“आनि मदीच वाडतंय, मदीच कमी हुतंय?”

“हो.”

आप्पांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. ते पायऱ्या उतरून आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकच शब्द उच्चारला, “आकडा.”

मग त्यांनी बॅटरीच्या प्लस टोकावरची लाल रबरी टोपी वर सरकवली. टोपीखाली, एकाच बोल्टवर, कंपनीच्या जाड वायरीच्या मानेवर बसल्यासारख्या तीन बारक्या लाल वायरी गुंडाळलेल्या होत्या. मेनच्या अलीकडून, थेट खांबावरून उचललेल्या. आप्पांनी गावोगावच्या लायनींवरून आयुष्यभर हेच तर काढून टाकलं होतं.

“हे कुनी टाकलं?”

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातल्या पोरानं. प्रत्येक वेळी तो “डायरेक्ट दिलंय सर, काय त्रास न्हाई” म्हणाला होता. त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. त्याला काही त्रास झाला नव्हता. स्विचच्या पुढून करंट घ्यायचा तर वायरिंग उकलावं लागतं, रिले बसवावी लागते; थेट बोल्टवर गुंडाळायला पक्कडही पुरते.

मग एकेका वायरीची ओळखपरेड झाली. पहिली फॉगलॅम्पची. पावसाळ्यात आंबा घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा आपल्याजवळ हे असावेत म्हणून मी बसवलेले. त्यांना रिले होती, त्यांचं खाणं शून्य. दुसरी मोबाइल चार्जरची. या चार्जरवर बॅटरीचे व्होल्ट दाखवणारा एक निळा आकडा होता. बॅटरीच्या तब्येतीवर सतत लक्ष असावं म्हणून हा खास प्रकार. ती वायर सोडली आणि मीटर बावीसनं खाली आला. म्हणजे बॅटरी किती उरली हे दाखवण्यासाठी हा चोवीस तास बॅटरी जाळत होता, तेही कव्हरच्या आत, जिथे वाचणारं कुणी नव्हतं. सरकारी खात्यात असता तर बढती मिळाली असती.

तिसरी वायर टाकीखाली कुठेतरी गडप झाली होती. भाच्यानं टाकी उचलायची तयारी केली, पण आप्पांनी त्याला थांबवलं आणि सरळ बोल्टवरचं टोक ओढून काढलं.

मीटर शून्यावर. बोळात शांतता. आणि वरून बायकोची किंकाळी, “गाडी चोरली! गाडी चोरली!”

ती मोबाइल हातात धरून सज्जात आली, तेव्हा गाडी, तिचा नवरा, तिचा भाचा आणि आप्पा असे चौघं तिच्याकडे वर बघत होतो. मोबाइलवर लाल अक्षरांत संदेश होता : वाहनाचा वीजपुरवठा तोडला आहे.

भाऊबीजेला माझ्या मेहुण्यानं बहिणीला ओवाळणी घातली होती ती या यंत्राची. साडी नाही, पाकीट नाही. भाऊजींच्या गाडीला ट्रॅकर. गाडी चोरीला जाऊ नये हे अधिकृत कारण. चोराला सापडू नये म्हणून तो इतका आत दडवला होता की माझ्याही आठवणीतून गेला. आता भाच्यानं खुलासा केला : ट्रॅकर आपला ठावठिकाणा मोबाइलच्या नेटवर्कवरून कळवतो. आमचा बोळ अरुंद, त्यावर पत्र्याची शेड, तिथे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. ते सापडेपर्यंत यंत्र रात्रभर जोर लावून शोधत बसतं, आणि त्या प्रत्येक झटक्याला मीटर उडी मारतो. सापडलं की एकदाचं कळवतं : वाहन आहे तिथेच आहे. वाहन जागचं हललेलं नाही हे सांगण्यात त्यानं वाहनाला हलण्याजोगं ठेवलं नव्हतं. मेहुण्याचं म्हणणं मात्र असं पडलं की, सोमवारी सकाळी जी गाडी मालकालाच चालू करता येत नाही ती चोराला कशी येईल? यंत्रानं काम चोख केलं.

बायकोला आधी हायसं वाटलं, मग ‘कालपण असाच मेसेज आला होता, मी हाक मारली तर हे म्हणाले आम्हीच’ हे आठवलं, आणि त्यानंतर काही वेळ बोलणं फक्त तिचंच होतं.

आप्पांनी पंचनामा करून निकाल दिला. वीज कायदा २००३, कलम १३५, वीजचोरी. कलम १५२ खाली तडजोड होऊ शकते. तडजोडीची रक्कम म्हणून सगळ्यांना मिसळ. चार्जरची वायर भाच्यानं रिलेवर घेतली; चावी बंद केली की निळा आकडाही विझतो. ट्रॅकर काढायचा मुद्दा मी मांडला आणि एकमतानं फेटाळला गेला, मत एकच होतं. शेवटी त्याच्या ॲपमध्ये गाडी उभी असताना झोपून राहण्याची एक सोय सापडली, ती सुरू केली, आणि त्याला स्वतःचा फ्यूज देऊन आप्पांच्या भाषेत ‘अधिकृत कनेक्शन’ मिळालं. आता सगळी गाडी मिळून पाचाच्या आत खाते. सोमवारी सेल्फ लागतो. बोळातल्या लोकांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आप्पांनी एक आदेश मात्र दिला : लांब गावाला जाताना मेन उतरवून जायचं. म्हणून गणपतीला सासरी निघताना मी बॅटरीची मायनस सोडली. बायकोच्या मोबाइलवर लगेच वीज तोडल्याचा संदेश आला. या वेळी तिनं शांतपणे वाचला. एसटी गगनबावड्याहून करूळ घाट उतरेपर्यंत मोबाइलला रेंज नव्हती. वैभववाडी आली आणि पर्समध्ये पुन्हा खणखणाट झाला. ट्रॅकरच्या पोटात त्याची स्वतःची एक छोटी बॅटरी असते, बाहेरचा पुरवठा तुटला तर थोडा वेळ चालावी म्हणून. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं : उपकरणाची अंतर्गत बॅटरी संपत आली आहे.

“एवढ्यात?” मी म्हटलं. “आपण निघून चार तास नाही झाले. ती कोण खातंय?”

मागच्या सीटवरून भाचा पुढे वाकला. त्याच्या मांडीवर, पूजेच्या सामानाच्या पिशवीतून पिवळं काहीतरी डोकावत होतं.

“मामा, मी मीटर घेतलाय.”