मागितलं नाव, आलं गणगोत

जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये 'डेप्थ' नावाची एक सेटिंग आहे. ती 1 केली की पुस्तकाच्या नोंदीत लेखकाच्या आयडीऐवजी अख्खा लेखकच जेसनमध्ये अवतरतो. मर्यादा 10 ची. 11 लिहिलं तर फ्रेमवर्क एरर देतं. दहा पिढ्यांची वंशावळ मोबाइल अ‍ॅपला कशाला हवी, एवढं मात्र ते विचारत नाही.

खरी मौज पुढेच. ही सेटिंग आतल्या नोंदीतलं प्रत्येक फील्ड उचलते. पुस्तक नोंदवणारा 'युझर' आत जोडलेला असेल, तर त्याचा ईमेल, शेवटच्या लॉगिनची वेळ आणि पासवर्डचा हॅशसुद्धा प्रवासाला निघतो. पडद्यावर फक्त नाव दिसतं, त्यामुळे टेस्टिंग उत्तम पार पडतं.

डेटाबेसचे हाल वेगळेच. 100 पुस्तकांच्या यादीसाठी एक क्वेरी, मग प्रत्येकाच्या लेखकासाठी एकेक, झाल्या 101. 'सिलेक्ट रिलेटेड' लिहिलं की जॉइन लागून एकीतच काम भागतं. पण त्याआधी मोठा सर्व्हर घेण्यासाठी मीटिंग भरते.

जावाची जॅक्सन लायब्ररी वापरणाऱ्यांना अनंताचं दर्शन फुकट: पुस्तकात लेखक, लेखकात पुस्तकं, त्यांत पुन्हा तोच लेखक, थेट एरर येईपर्यंत. 'जेसन इग्नोर' लावून ही फेरी तोडावी लागते.

आणि हेच नेस्टेड जेसन परत सेव्ह करायचं म्हटलं, तर? 2014 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून जँगोवाल्यांचं हे फ्रेमवर्क हात वर करतं: 'क्रिएट' तुमचं तुम्हीच लिहा.