हवाबंद आपत्काळ

बोनकोड्यात राहणाऱ्या मनुष्यास संकटाची तारीख आगाऊ ठाऊक असते. १ जून ते ३१ जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांनी समुद्रात जाळे टाकू नये असे सरकारी फर्मान निघते, सात-आठ जूनच्या सुमारास मृग लागतो, आणि नारळी पौर्णिमेचा नारळ दर्यास अर्पण होईपर्यंत ताज्या म्हावऱ्याची फारशी आशा धरू नये, हे खाडीकाठच्या आगरी-कोळी गृहिणीस इतके मुखोद्गत असते की, वैशाख अर्धा सरला न सरला तोच ती आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरावयास घेते. एका अंगास ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने, दुसऱ्या अंगास सिडकोने फूटपट्टीने आखलेले सेक्टर आणि मध्ये अंग चोरून बसलेले आमचे गावठाण, अशी ही वस्ती. या पट्ट्यातील भातशेती व मिठागरे १९७० नंतरच्या भूसंपादनात गडप झाली, तरी आगोटीवर संपादनाची नोटीस अद्याप कोणी बजावलेली नाही. मे महिन्यात गच्चीगच्चीवर बोंबील, जवळा, वाकट्या, मांदेली वाळत पडलेली असतात. शेजारी मिरच्या आणि आमसुले. आणि या सर्वांवर देखरेख करणारी, डोक्यावर पदर घेतलेली, हातात कावळे हाकलण्याची काठी धरलेली एक वृद्धा.

अशा या तजविजीच्या मुलखात माझा ह्यूस्टनचा भाचा एका एप्रिलात सुटीवर आला आणि आमच्या स्वयंपाकघराची त्याने तपासणी सुरू केली. २०१७ सालचे हार्वे वादळ व फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळाने संबंध टेक्सास अंधारात ढकलले ते दिवस त्याने अनुभवले असल्यामुळे, आपत्काळ हा त्याच्या लेखी अकस्मात कोसळणारा, पूर्वसूचना न देणारा आणि मुख्य म्हणजे एकट्या मनुष्यासच गाठणारा प्रसंग होता. "मामा, वीज गेली, पाणी गेलं, रस्ते बंद झाले, तर तुमचा प्लॅन काय?" असे त्याने मला विचारले. मी सरकारी नोकरीत हयात घालविलेला मनुष्य. प्रश्न गंभीर असला की उत्तर तहकूब ठेवण्याची मला सवय. परंतु सौभाग्यवतीने पोळी लाटता लाटता, "समोरच्यांकडे जायचं," असे एका वाक्यात आमचे आपत्ती-व्यवस्थापन सांगून टाकले.

भाच्याचे यावर समाधान झाले नाही. त्याने वाशीच्या एका बड्या दुकानातून तेलात बुडविलेला ट्यूना मासा, कोंबडीचे सॉसेज, डुकराचे मांस, मका, मटार आणि न जाणो म्हणून राजमा, असे हवाबंद डबे दोन पिशव्या भरून आणले, प्रत्येकावर मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि ते माळ्यावर अशा शिस्तीने रचले की दिवाणखान्यातील माझी पुस्तके त्यांच्या तुलनेने बेशिस्त दिसू लागली.

या डब्यांचा कुलवृत्तांत पाहू गेल्यास तो मोठा उद्बोधक आहे. नेपोलियनच्या अमदानीत फ्रेंच सरकारने सैन्याचे अन्न टिकविण्याच्या युक्तीस इनाम जाहीर केले आणि निकोला आपेर नामक एका मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत काढून १८१० साली बारा हजार फ्रँक पदरात पाडून घेतले. अन्न का नासत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते; जंतूंचा उलगडा पुढे अर्ध्या शतकाने पाश्चरने केला. १८१० सालीच इंग्लंडात पीटर ड्यूरंडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. मात्र डबा उघडण्याच्या अवजाराचे पेटंट अमेरिकेत १८५८ साली निघाले, आणि तोवरची अठ्ठेचाळीस वर्षे गोऱ्या सैनिकांनी व खलाशांनी छिन्नी-हातोड्याने जेवण फोडून खाल्ले. डबा आधी आणि तो उघडण्याची सोय नातवंडांच्या काळी, ही दूरदृष्टी मला आमच्या जुन्या कचेरीची आठवण करून देते. १८२४ च्या एका ध्रुवीय मोहिमेतला वासराच्या मांसाचा डबा शंभराहून अधिक वर्षांनी, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, शास्त्रज्ञांनी उघडला तेव्हा त्यातील मांस मांजरास खाऊ घालण्यात आले व मांजराने काही हरकत नोंदविली नाही. हा दाखला भाच्याने मला मोठ्या उत्साहाने सांगितला. बोनकोड्याच्या मांजरांनी सुकटीविषयी हरकत नोंदविल्याचेही कोणाच्या ऐकिवात नाही, तेव्हा या मुद्द्यावर दोन्ही पक्ष बरोबरीत राहिले असे मी मानतो.

आता हवाबंद डब्याशी आम्हा मराठी लोकांचे वैर आहे, असे कोणी समजू नये. रत्नागिरीकडून येणारा हापूसच्या रसाचा साडेआठशे ग्रॅमचा डबा श्रावणात फोडताना ब्राह्मणापासून भंडाऱ्यापर्यंत कोणाचेही तत्त्वज्ञान आड येत नाही. परंतु तो डबा आपत्तीसाठी नसून पाहुण्यांसाठी असतो. मांसाचा डबा मात्र आपत्तीसाठी, म्हणजे जी येऊ नये अशी आपली प्रार्थना असते तिच्यासाठी. सबब तो वर्षानुवर्षे माळ्यावर पडून मुदतबाह्य होतो आणि प्रार्थना फळास आली याची खूण म्हणून कचऱ्यात जातो. आगोटीचे तसे नव्हे. तिला श्रावणापर्यंत संपवावेच लागते, कारण पुढल्या वैशाखात तीच पिंपे पुन्हा रिकामी हवी असतात.

आमच्या घरी सुकी मासळी पुरविणाऱ्या गावठाणातल्या आजींना भाच्याने हौसेने ट्यूनाचा डबा उघडून दाखविला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, हुंगला आणि विचारले, "या डब्यान म्हावरा हाय म्हनता? डोका नाय, शेपूट नाय, वास पन नाय. म्हावरा हाय कशावरनं?" यावर भाचा निरुत्तर झाला. मग आजींनी आपल्या पाटीतून एक बोंबील काढला व दोन्ही टोके धरून वाकविला. तो काडकन मोडला. "हा पावसाल्यात टिकंल," त्या म्हणाल्या. दुसरा वाकला पण मोडला नाही, तो बाजूला पडला: त्याला अजून दोन उन्हे हवी होती. ज्या माशात जिवंतपणी शेकडा नव्वदच्या घरात पाणी, त्याचे काडीइतके कोरडे झालेले शरीर हाताने तपासून मुदत ठरविण्याचे हे तंत्र कोणत्याही छापील तारखेहून कडक आहे. शेजारच्या वाशीत मसाल्यांना किरण देऊन ते निर्जंतुक करणारे अणुऊर्जा खात्याचे केंद्र २००० सालापासून चालू आहे. आजींचा किरणोपचार त्याहून पुरातन, आणि विजेच्या बिलाविना चालतो. वाळलेले बोंबील डोके-शेपूट छाटून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात दाबून भरावे. सोडे मात्र वेगळ्या बरणीत आणि कुलपाच्या आसपास ठेवावे, कारण त्यांचा भाव किलोला हजाराच्या पुढे आहे आणि जावई पावसाळ्यातच येतो.

बोंबलाची थोरवी युरोपास कळण्यास अंमळ वेळ लागला. १९९७ साली युरोपीय आयोगाने सुक्या बोंबलाची आयात बंद केली, कारण भारतातून येणारा मासा मान्यताप्राप्त गोठवण-कारखान्यातून किंवा डबाबंद कारखान्यातूनच यावा असा दंडक होता, आणि बोंबील तर दोरीवर, उघड्या आभाळाखाली तयार होतो. बिलायतेतील चाहत्यांनी त्यावर चळवळ उभारली, भारतीय वकिलातीने रदबदली केली, आणि अखेर असे ठरले की बोंबलाने वाळावे खुशाल उघड्यावर, परंतु वेष्टनात मात्र मान्यताप्राप्त जागी शिरावे. आमच्या कोणत्याही तहसील कचेरीस शोभावा असा हा निवाडा आहे.

खऱ्या आपत्तीत काय होते, हेही आपण पाहिले आहे. युद्धकाळात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी तांदळाच्या कण्या मोजल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा लोकांनी परक्याच्या घरी रात्र काढली आणि परक्याच्या हातची चहा-बिस्किटे खाल्ली. २०२० च्या टाळेबंदीत तुर्भ्याचा बाजार मे महिन्यात काही दिवस बंद राहिला, तेव्हा आमच्या इमारतीतील ज्या बिऱ्हाडांनी आमच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून येणाऱ्या वासाविरुद्ध लेखी तक्रारी केल्या होत्या, त्यांच्याच दारांतून वाटी घेऊन मुले आमच्याकडे आली. सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी एवढ्या भांडवलावर मी त्या दिवसांत जो लौकिक मिळविला, तो तीस वर्षांच्या सेवेत मिळाला नव्हता.

पुढे टाळेबंदी उठली, लौकिक ओसरला आणि गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सुकी मासळी भाजण्याविषयीचा ठराव पुन्हा दप्तरातून वर निघाला. तासभर वादावादी होऊन असे ठरले की भाजणाऱ्याने खिडक्या मिटाव्यात आणि संध्याकाळची वेळ टाळावी. ठरावाचे सूचक सभा संपल्यावर मला जिन्यात गाठून, "सोडे चांगले कुठं मिळतील हो?" असे हळूच विचारते झाले.

भाच्याचे डबे अजून माळ्यावरच आहेत. त्यांपैकी राजमा तेवढा कामी आला, एका रविवारी. मांसाच्या डब्यांची मुदत येत्या डिसेंबरात संपते. ज्यांस ते हवे असतील त्यांनी निःसंकोच येऊन न्यावेत, छिन्नी-हातोडा आणण्याचे कारण नाही, झाकणास कडी आहे. ज्यांस मात्र आगोट भरावयाची असेल त्यांनी मेच्या मध्यापूर्वी दिवाळ्याच्या वा करंजाच्या बाजारात सकाळी जावे, बोंबील मोडून पाहून घ्यावेत, घरी आणून दोन उन्हे द्यावीत, आणि भाजावयास घेण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या सभेची तारीख तेवढी पाहून ठेवावी.