पाया गुलदस्त्यात

शंभराचा लॉग किती? कॅल्क्युलेटर म्हणतो 2. पायथॉन म्हणतं 4.605. अल्गोरिदम शिकवणारे सर मनातल्या मनात 6.64 धरून मोकळे. तिघंही बरोबर, कारण पाया कुणीच लिहिलेला नाही. तो म्हणे संदर्भावरून कळतो. एक्सेलची तर कमालच. चौकटीत लॉग लिहा, पाया 10. त्याच एक्सेलच्या मॅक्रोत लॉग लिहा, पाया ई. एका घरात दोन चुली! आंतरराष्ट्रीय मानकात 10 साठी एलजी, 2 साठी एलबी, ई साठी एलएन अशा सुटसुटीत खुणा दिल्या आहेत. पण मानकं काय वाचायला असतात?

आलेख काढायला बसलं की ही लपवाछपवी संपते. पाया अर्धा घेतला की चढणारी रेघ मुकाट उतरू लागते. पाया 1 घेतला, तर पाया बदलायच्या सूत्रात शून्यानं भागाकार होतो आणि सॉफ्टवेअर हात वर करतं.

त्यातून काही विद्वान लॉगच्याच डोक्यावर 2 ठेवतात. हा लॉगचा वर्ग, की लॉगचा लॉग? पाया 10 धरला तर शंभरासाठी एक उत्तर 4, दुसरं 0.301. दोन कंसांची शाई वाचवून नेमकं काय कमावलं, ते पेपर तपासणाऱ्याला विचारा.