दुर्बळांची पंगत

मी ख्रिस्ती आहे आणि मी मांसमच्छी खात नाही. ही दोन वाक्यं एका दमात म्हटली, की ऐकणारा त्यातल्या एकावर तरी विश्वास ठेवत नाही. कोणत्या, ते तो कुठे राहतो यावर ठरतं. पुण्यातल्या सोसायटीत माझ्या शाकाहाराबद्दल शंका आणि नगरच्या आमच्या मंडळीत माझ्या ख्रिस्तीपणाबद्दल.

बँकेत असताना माझी पुण्याला बदली झाली तेव्हाची गोष्ट. जागा पाहायला गेलो. आडनावावरून घरमालकांना काही कळलं नव्हतं, पुढचं नाव ऐकल्यावर ते खुर्चीत सावरून बसले.

“म्हणजे ख्रिश्चन?”

“हो.”

“हरकत नाही. आम्ही तसलं काही मानत नाही. फक्त घरात नॉनव्हेज शिजवायचं नाही.”

“मी खातच नाही.”

“बाहेर खा हो. बाहेरचं आमचं काही म्हणणं नाही.”

“बाहेरही नाही.”

“अंडं?”

“नाही.”

“नाताळला?”

“नाताळलाही नाही.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला आणि अगदी कळवळून विचारलं, “मग ख्रिश्चन कशाला झालात?”

आता यांना काय सांगणार? अमेरिकन मिशनरी नगरला 1831 मध्ये आले. पुढे केव्हातरी माझ्या पणजोबांना त्यांच्या शाळेत इतरांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळालं. गावात तोवर त्यांची सावलीसुद्धा लोकांना चालत नव्हती. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो बाकावरची जागा पाहून, मेनूकार्ड पाहून नव्हे. पण भाडं ठरवताना कुणी पणजोबा काढत नाही. मी नुसताच हसलो आणि जागा मिळाली.

मिळाली, तरी पाळत सुटली नाही. एकदा बायको ओट्यावर बीट चिरत होती. तेवढ्यात मालक लाइटचं बिल द्यायला आले. त्यांची नजर सरळ सिंकमधल्या लाल पाण्यावर.

“बीट आहे,” मी म्हणालो.

“मी कुठे काय म्हटलं?” ते म्हणाले. पण कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन झाकण उघडेपर्यंत ते हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहिले. आत तूरडाळ निघाली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते समाधान की निराशा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

माझ्या शाकाहाराला कसलंही तत्त्वज्ञान नाही, कारण एक कोंबडा आहे. मी आठ वर्षांचा असताना आजीने एक तांबडा कोंबडा पाळला होता. पहाटे तो अशा ठसक्यात आरवायचा, की आजीने त्याचं नाव ‘पेत्र’ ठेवलं. शुभवर्तमानात कोंबडा आरवण्याआधी पेत्र आपल्या प्रभूला तीनदा नाकारतो, त्यावरून. पेत्र माझ्या हातून बाजरी खायचा आणि शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा. नाताळच्या सकाळी तो आरवला नाही. दुपारी पंगतीत माझ्या ताटात काय पडलं ते मला वासावरून कळलं. आजी म्हणाली, “पीस घे.” मी नको म्हणालो. “नुसता रस्सा घे.” नको म्हणालो. “बरं, रश्श्यातला बटाटा तरी?” तेही नको म्हणालो. तीनदा नकार झाला. मूळ गोष्टीत त्यानंतर कोंबडा आरवतो. आमच्याकडे तीही सोय उरली नव्हती.

घरच्यांना वाटलं, पोराचा रुसवा आठवडाभरात जाईल. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. मधे लग्न ठरलं. सासूबाईंनी मुलगा पसंत केला, पण मध्यस्थाला बाजूला घेऊन विचारलं, “मटण खात नाही म्हणजे काही दुखणंबिखणं आहे का?”

या सगळ्यात माझा खरा प्रतिवादी म्हणजे माझे काका. मिशन शाळेतले निवृत्त मास्तर. पवित्र शास्त्र तोंडपाठ आणि मटणावर नितांत श्रद्धा. या दोन गोष्टी एका माणसात आल्या, की पुतण्याची धडगत नसते. मी एकदा धाडस करून म्हणालो, “काका, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला खायला धान्य आणि फळंच दिली. मांसाची मुभा मिळाली ती जलप्रलयानंतर, नोहाला. म्हणजे एदेन बागेत सगळा शाकाहारच होता.”

काका म्हणाले, “होता ना. म्हणून तर पहिलं पाप शाकाहारी झालं. फळ खाऊन.”

मी गप्प बसलो. ते बसले नाहीत. “पुढे वाच. काइनाने देवाला शेतातला माल वाहिला, हाबेलाने कळपातलं वाहिलं. देवाने कोणाचं मान्य केलं?”

“हाबेलाचं. पण काका, खून कोणी केला? काइनाने.”

“तेच म्हणतोय मी. भाजीपाल्याने डोकं फिरतं.”

मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. वडिलांनी माझं नाव दानीएल संदेष्ट्यावरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सिंहांची गुहा होती, माझ्या वाट्याला मात्र पहिला अध्याय आला. बाबेलच्या राजाच्या पंक्तीचं अन्न नाकारून दानीएल आणि त्याचे तीन सोबती दहा दिवस डाळभाजी आणि पाण्यावर राहिले, आणि राजाचं अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक धष्टपुष्ट दिसू लागले. काकांनी मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. माझं वजन तेव्हा बावन्न किलो. “दहा दिवसांत?” ते म्हणाले. “तुला तर चाळीस वर्षं झाली. सदरा अजून खुंटीला टांगल्यासारखा दिसतो.”

मी म्हणालो, “पंडिता रमाबाई घ्या. 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या बायकांत राहूनही शाकाहार सोडला नाही, तो शेवटपर्यंत. देव बदलला म्हणून ताट बदलायला हवं असं त्यांना वाटलं नाही. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. उधळ्या पुत्रासाठी कापलेलं ते पुष्ट वासरू मराठीत कोणी आणलं? एका शाकाहारी बाईने!”

“त्या पंडिता होत्या,” काका शांतपणे म्हणाले. “तू कॅशियर आहेस.”

आता दाखले विलायतेतूनच आणणं भाग होतं. इंग्लंडात सॅलफर्ड गावी विल्यम काउहर्ड नावाच्या पाळकाने 1809 मध्ये वेगळी मंडळी काढली आणि सभासदांनी मांस खायचं नाही असा नियमच केला. पुढे 1847 मध्ये इंग्लंडातच ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ निघाली, तिच्या उभारणीतही या मंडळीचे लोक होते. काउहर्ड म्हणजे गुराखी, हे मी काकांना कौतुकाने सांगितलं. “गुराखीच तो,” काका म्हणाले, “गुरं खाईल कशी?” मग मी अमेरिकेतल्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाकडे वळलो. त्यांच्यात शाकाहाराला मोठा मान. त्यांच्याच बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉक्टर केलॉग यांनी रोग्यांच्या नाश्त्यासाठी जे खटाटोप केले, त्यातून कॉर्नफ्लेक्स जन्माला आले. काकांनी उभ्या जन्मात एकदाच कॉर्नफ्लेक्स खाल्ले होते. ते म्हणाले, “शाकाहाराविरुद्ध याहून मोठा पुरावा मला नको.”

शेवटी त्यांनी पेत्रच काढला. कोंबडा नव्हे, प्रेषित. यापो गावी, भर दुपारी, गच्चीवर भुकेला असताना पेत्राला दृष्टान्त झाला. आकाशातून मोठी चादर उतरली, तिच्यात सगळे पशुपक्षी, आणि वाणी झाली की मारून खा. काका विजयी मुद्रेने म्हणाले, “बोल आता!”

इथे मात्र मला बोलता आलं. “काका, त्या चादरीतलं पेत्राने काहीच खाल्लं नाही. तीन वेळा तेच झालं आणि चादर परत वर गेली. आणि पुढे एका रोमी शताधिपतीच्या घरात पाऊल टाकताना त्याने स्वतःच अर्थ सांगितला, की कोणत्याही माणसाला विटाळलेला समजू नये, हे मला देवाने दाखवलं. चादर जेवणाची नव्हतीच.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पणजोबा त्यांचे आजोबा लागत. मग त्यांनी घसा साफ केला. “तरी प्रभूने पुनरुत्थानानंतर भाजलेला मासा खाल्लाच,” ते म्हणाले. तो खाल्लाच. तिथे मी दर वेळी हात टेकतो.

माशाचं प्रकरण असंही नाजूक आहे. बँकेतला माझा वसईचा कॅथलिक सहकारी उपवासकाळात दर शुक्रवारी मांस कटाक्षाने वर्ज्य करायचा आणि डब्यात सुरमई आणायचा. मी नुसतं पाहिलं तरी म्हणायचा, “मांस वर्ज्य आहे, मासा नाही.” व्हेनेझुएलात तर कॅपिबारा नावाचा प्राणी, म्हणजे मेंढीएवढी घूसच समजा, पाण्यात पोहतो एवढ्या पुण्याईवर उपवासकाळात माशांबरोबर चालतो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपल्याकडे एकादशीला बटाट्याला कुणी सोडलंय का?

हेच मी एका एकादशीला घरमालकांना बोलून गेलो. त्यांनी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी पाठवली होती. मी म्हणालो, “गंमत बघा, हा बटाटा आणि ही मिरची, दोन्ही पोर्तुगिजांनी आणली. बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच.” मालकांनी घास हातात धरून बटाट्याकडे असं पाहिलं, जणू त्याचं आडनाव त्यांना आत्ता कळलं. मग तो घास तोंडात टाकला. बटाट्याला कुणी भाडेकरार करायला लावत नाही.

काकांचं शेवटचं शस्त्र असायचं रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय. तिथे पौलाने म्हटलंय, की विश्वासाने दुर्बळ असलेला भाजीपालाच खातो. दर नाताळात प्रीतिभोजनाच्या वेळी काका ते चारचौघांत सांगायचे. चर्चच्या आवारात मटणाची हंडी रटरटत असायची आणि कोपऱ्यात आत्याने माझ्यापुरती आणलेली फ्लॉवर-बटाट्याची डबी. काका ओरडायचे, “दुर्बळांची पंगत तिकडे!” मी एकटाच दुर्बळ. त्याच अध्यायात पुढे लिहिलंय, की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. पण तिथवर यायच्या आत मटण यायचं.

गेल्या दहा वर्षांत मात्र चमत्कार झाला. डबीचं पातेलं झालं, पातेल्याचा टोप झाला. शिक्षिका, मंडळीचे वडील, खजिनदार, एकेक जण माझ्या कोपऱ्यात येऊ लागला. कुणाचं कोलेस्टेरॉल, कुणाचं युरिक ॲसिड. जे दानीएलाला साधलं नाही ते पॅथॉलॉजी लॅबने साधलं.

आणि गेल्या नाताळात, दोन स्टेंट घालून घेतलेले काका काठी टेकत आले. “सलाम,” म्हणाले. “दुर्बळांच्या पंगतीत जागा आहे का?”

मी सरकून जागा केली. वडीलधाऱ्यांची पानं आधी वाढतात, मग प्रार्थना. काकांच्या पानात फ्लॉवर पडला. ते त्याच्याकडे पाहत राहिले, जसं काइनाच्या अर्पणाकडे देवाने पाहिलं नाही, तसं. शेजारून मटणाची बादली घेऊन वाढपी चालला होता. समोर काकू घारीसारखी नजर लावून बसलेली.

काका माझ्या कानाशी आले. “अरे, पीस नको. नुसता रस्सा. चमचाभर. पण ही बघतेय.”

तेवढ्यात पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे भोजनाची प्रार्थना मला सांगितली. “तुम्हीच करा, तुमचं लक्ष हंडीकडे नसतं,” असं ते म्हणतात.

काकू जगात फक्त प्रार्थनेला डोळे मिटते. मी उभा राहिलो. अन्नाबद्दल आभार मानले, ते पिकवणाऱ्यांबद्दल मानले, आचाऱ्यांबद्दल मानले. एवढ्यावर एरवी मी थांबतो. मग पावसासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, पुण्याच्या घरमालकांना दीर्घायुष्य मागितलं. शेजारी बादलीत पळी खणकल्याचा आवाज आला, तेव्हा हळूच ‘आमेन’ म्हणालो.

त्याला जोडून सगळ्यांत मोठ्यांदा ‘आमेन’ काका म्हणाले. त्यांच्या पानातला फ्लॉवर लालभडक झाला होता.

“बीट आहे,” मी काकूला म्हणालो.